पाय शाबूत, पण वाट तुटलेली

उदगीर : तूर आणि हरभऱ्याच्या डाळीमुळे उदगीरच्या मोंढ्याचे नाव मराठवाड्याबाहेरही पोचले आहे. डाळ मिलच्या या शहरात कोणत्या डाळीचा दाणा कसा दिसतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र डाळींच्या व्यापारात एका डाळीचे नाव बहुधा भेसळीच्या संदर्भातच निघते. उत्तर भारतात तिला खेसारी म्हणतात, छत्तीसगडात तिवडा आणि आपल्या पूर्व विदर्भात लाख किंवा लाखोळी. भंडारा, गोंदिया भागात भाताचे पीक उभे असतानाच ओलसर बांधीत तिचे बी फेकतात. पाणी नसले तरी ती येते, पाणी साचले तरी तगते. दुष्काळात बाकी सारे करपले तरी ही उभी असते, आणि नेमके हेच तिचे संकट आहे.

कारण इतर धान्य संपल्यावर माणसे दोन-तीन महिने जवळजवळ याच डाळीवर जगली, की त्यांच्यापैकी काहींचे पाय जातात. पोटरीत गोळे येतात, पाय जड वाटू लागतात आणि थोड्याच दिवसांत माणूस चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत चालू लागतो. वैद्यक या आजाराला लॅथिरिझम म्हणते. चमत्कारिक गोष्ट अशी, की या रुग्णाच्या पायात काहीच बिघडलेले नसते. स्नायू भरलेले असतात, हाडे-सांधे धड असतात, पायाला चिमटा काढला तर कळतो, गरम-थंड समजते. पायापर्यंत येणाऱ्या मज्जातंतूंतही दोष आढळत नाही. तरीही पाय ऐकत नाही. मग बिघाड नेमका कुठे आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना, आपण साधे एक पाऊल टाकतो तेव्हा शरीरात काय घडते, हे समजून घ्यावे लागते. घराघरांत ‘अंगावरून वारं गेलं’ या एकाच शब्दप्रयोगात आपण जे वेगवेगळे आजार कोंबतो, ते वेगळे कसे ओळखायचे, हेही त्यातूनच उलगडते.

दोन मजली कारभार

दोन्ही कानांवरून डोक्याच्या माथ्यापर्यंत हेअरबँड लावावा, साधारण त्याच रेषेत मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींचा पट्टा आहे. त्यात शरीराचा जणू नकाशाच मांडलेला असतो, पण तो प्रमाणबद्ध नाही. हाताची बोटे, ओठ आणि जीभ यांना त्यात मोठी जागीर मिळाली आहे; पाठीला मात्र चिमूटभर जागा. पायाचा भाग पट्ट्याच्या अगदी वर, मेंदूची दोन अर्धगोले जिथे समोरासमोर येतात त्या फटीत आहे. पाऊल उचलायचे ठरले की येथील चेतापेशी आज्ञा सोडतात. या पेशींपैकी काहींचे तंतू मेंदूपासून कमरेच्या वरच्या भागापर्यंत सलग जातात. डोळ्यांना न दिसणारी एकच पेशी, पण तिचा धागा हातभराहून लांब.

हे तंतू खाली उतरताना मेंदूच्या बुंध्याशी, म्हणजे लंबमज्जेत, एकत्र गोळा होतात. तेथे पिरॅमिडच्या आकाराचे दोन उंचवटे दिसतात. म्हणून या वाटेला पिरॅमिडल मार्ग असे नाव पडले. प्रत्येक बाजूला सुमारे दहा लाख तंतू. त्यांपैकी दहातले आठ-नऊ येथे बाजू बदलतात. डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव झाला की उजवा हात आणि उजवा पाय लुळा का पडतो, याचे उत्तर या चौकात आहे.

पुढची वाट मज्जारज्जूतून जाते. हा रज्जू करंगळीएवढा जाड आणि प्रौढ माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो. मणक्यांच्या नळीत तो सुरक्षित ठेवलेला असला, तरी कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याखाली उरतो तो मज्जातंतूंचा जुडगा. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला अश्वपुच्छ म्हणतात.

मेंदूतून आलेला तंतू थेट स्नायूला जाऊन मिळत नाही, ही येथील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तो मज्जारज्जूत थांबतो आणि आपला निरोप तेथील दुसऱ्या पेशीला देतो. या दुसऱ्या पेशीचा तंतू रज्जूबाहेर पडून मांडी, पोटरी, पाऊल असा प्रवास करीत स्नायूत शिरतो. म्हणजे हालचालीचा कारभार दोन मजली आहे. वरचा मजला मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंत, खालचा मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंत. मेंदूतून सुटलेली आज्ञा पावलापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंचविसावा भाग पुरतो.

खालचा मजला केवळ निरोप्या नाही. अनवाणी चालताना बाभळीचा काटा रुतला, तर ‘आई गं’ म्हणण्याआधी पाय वर उचललेला असतो. हा निर्णय मज्जारज्जूनेच घेतलेला असतो. मेंदूला खबर नंतर मिळते. गुडघ्याखाली हातोडीचा हलका ठोका मारल्यावर पाय उडतो तोही असाच. एकामागून एक पाऊल टाकण्याची लयसुद्धा बऱ्याच अंशी मज्जारज्जूतल्या पेशींच्या जाळ्यातच साठवलेली असते. आपल्याच भागातल्या देवणी गायीचे वासरू जन्मल्यावर तासाभरात धडपडत उभे राहते आणि आचळ शोधते. गुरांमध्ये मेंदूच्या पृष्ठभागापासून येणारी ही वाट मुळातच आखूड असते. चालण्याचा भार मेंदूच्या बुंध्यावर आणि मज्जारज्जूवर. माणसाच्या बाळाला मात्र चालायला वर्ष लागते, कारण त्याचे चालणे वरच्या मजल्यावर अवलंबून आहे आणि त्या वाटेवरील तंतूंची वेष्टणे पूर्ण व्हायला सुमारे दोन वर्षे जातात.

याची एक खूण प्रत्येक आईच्या डोळ्यांसमोर असते. तान्ह्या बाळाच्या तळव्यावरून टाचेकडून बोटांकडे रेघ ओढली की त्याचा अंगठा वर उठतो. मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मोठ्या माणसाचा अंगठा बाळासारखा वर उठू लागला, तर वरच्या मजल्याची वाट बिघडली असे समजतात. पॅरिसमधील डॉक्टर जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली ही खूण नोंदवली. आज सव्वाशे वर्षांनंतरही, एमआरआयच्या जमान्यात, डॉक्टर रुग्णाच्या तळव्यावर किल्लीने रेघ ओढतात ती त्यासाठीच.

लुळा आणि ताठर

आता मूळ प्रश्नाकडे. खालचा मजला पडला तर स्नायूला कोणाचीच आज्ञा मिळत नाही. पाय लुळा पडतो, हातोडी मारली तरी उडत नाही आणि काही महिन्यांत बारीक होतो. पोलिओत हेच होते, कारण त्याचा विषाणू मज्जारज्जूतील खालच्या पेशीच मारतो. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त जाहीर झाला, तरी त्याआधीच्या पिढ्यांमधली वाळलेली पावले आजही आपल्या आसपास आहेत. २०२५ च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी आणि नांदेड गाव (हे नांदेड पुण्यातले, आपले नव्हे) या परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळलेला गिलन-बारी सिंड्रोमही मुख्यतः खालच्या मजल्याचाच आजार. फरक इतकाच, की त्यात पेशी मरत नाही, तिच्या तंतूवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते. म्हणून त्यातले बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा चालू लागतात.

वरचा मजला पडला तर चित्र नेमके उलटे दिसते. मेंदूकडून येणाऱ्या आज्ञा जितक्या चालवणाऱ्या असतात, तितक्याच आवरणाऱ्याही. कासरा तुटला म्हणून बैल जागच्या जागी बसत नाही, उधळतो. वरचा लगाम सुटला की खालच्या मजल्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया मोकाट होतात. पाय लुळा न राहता ताठ होतो, मांड्या आत ओढल्या जातात, टाच जमिनीला टेकत नाही, हातोडीच्या हलक्या ठोक्यानेही पाय जोरात उडतो. स्नायू मात्र वाळत नाही, कारण खालच्या मजल्याशी त्याचे नाते शाबूत असते.

लाखोळीने पाय गेलेल्या माणसाचे वर्णन हेच आहे. डाळीतले विष त्याच्या वरच्या मजल्यावरच घाव घालते, तोही बहुतेक वेळा पायाकडे जाणाऱ्या तंतूंवर. हात सहसा वाचतात. संवेदनांची वाट मज्जारज्जूतच पण वेगळ्या पट्ट्यांतून वर जाते, म्हणून चिमटा कळतो. एका साध्या डाळीने इतका नेमका वार करावा, याचे शास्त्रज्ञांना फार काळ कोडे होते.

ते सुटण्यात भारतीय प्रयोगशाळांचा मोठा वाटा आहे. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि सर्मा यांनी, तसेच दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमण्यन यांनी या डाळीतून एक अमिनो आम्ल वेगळे केले. ओडॅप या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट नावाचे रसायन वापरतात. ओडॅप त्याच्यासारखे दिसते. खोट्या किल्लीसारखे तेच कुलूप उघडते. पेशीला थांबूच दिले जात नाही, ती उत्तेजित होत राहते आणि शेवटी मरते. मेलेली चेतापेशी पुन्हा उगवत नाही.

आजार मात्र फार जुना आहे. भावप्रकाश या सोळाव्या शतकातील आयुर्वेदग्रंथात त्रिपुट नावाच्या कडधान्याने माणूस पांगळा होतो, असा उल्लेख आहे. कंपनी सरकारचे अधिकारी विल्यम स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात सागर भागातील गावांची हकिकत आहे : गव्हाचे पीक बुडाले, ही डाळ तगली, लोकांनी ती खाल्ली आणि तरुण माणसांचे पाय गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या हिवाळ्यात, आजच्या युक्रेनमधील वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम हीच डाळ खायला दिली गेली. शेकडो कैदी पांगळे झाले. त्यांच्यातच असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. मध्य प्रदेशातील रीवा भागात पाहणी करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णांची जी वर्गवारी वापरली, तिच्यासाठी यंत्र लागत नव्हते : बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि सरपटणारा.

किल्लारीची रात्र

वरचा मजला तुटण्यासाठी विषच लागते असे नाही. लातूर जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांची जड माळवदे, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार लोक गेले. अशा ढिगाऱ्यातून जी माणसे जिवंत निघतात, त्यांच्यातल्या काहींचे मणके मोडलेले असतात, आणि मोडका मणका मज्जारज्जूवर दाबला गेला की एका क्षणात वाट बंद होते.

ती कोणत्या पातळीवर बंद झाली, यावर पुढचे आयुष्य ठरते. मानेच्या वरच्या भागात इजा झाली तर श्वासाचा पडदाच थांबू शकतो. मानेच्या खालच्या भागात झाली तर हात आणि पाय दोन्ही जातात, पाठीत झाली तर हात वाचतात, पाय जातात. कमरेच्या खाली अश्वपुच्छाला मार बसला, तर पाय ताठ न होता लुळे पडतात, कारण तो खालचा मजला. आणखी एक गोष्ट नातेवाइकांना गोंधळात टाकते. मज्जारज्जूच्या इजेनंतर सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे पाय पूर्ण ढिला असतो. मग हळूहळू ताठर होतो, कधी आपोआप झटके मारतो. घरच्यांना वाटते, पाय सुधारला. बऱ्याचदा ती सुधारणा नसते. आवर सुटलेल्या खालच्या मजल्याची ती हालचाल असते.

अपघातात पहिली इजा आपल्या हातात नसते, दुसरी असते. मोडलेला मणका अजून रज्जूवर पूर्ण दाबलेला नसताना जखमीला खांद्याला आणि पायाला धरून उचलले, घोंगडीच्या झोळीत टाकले किंवा जीपच्या मागच्या सीटवर मुडपून बसवले, तर उरलेली वाटही तुटते. ढिगाऱ्याखालची व्यक्ती असो, की झाडावरून पडलेली वा मोटारसायकलवरून उडालेली, तिची मान आणि पाठ एका रेषेत धरून, तीन-चार जणांनी मिळून, दाराची फळी किंवा फळ्यासारख्या सपाट वस्तूवर ठेवावे, हा नियम म्हणूनच आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर फोन करून दहा-पंधरा मिनिटे थांबणे हे घाईने उचलण्यापेक्षा बहुतेक वेळा शहाणपणाचे. आग किंवा पुन्हा ढासळणारी भिंत असेल तर गोष्ट वेगळी.

मेंदूतच वाट तुटण्याचा सर्वांत सामान्य प्रकार म्हणजे पक्षाघात. त्यात तोंड एका बाजूला वळते, एक हात खाली पडतो, बोबडी वळते. रक्ताच्या गुठळीने नस बंद झाली असेल, तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. उदगीरहून लातूर साठ-पासष्ट किलोमीटर. वेळ रस्त्यात फारसा जात नाही; तो ‘वारं गेलंय, जरा तेल चोळून बघू’ म्हणण्यात जातो. तेल पायाला लागते, बिघाड डोक्यात असतो.

हालचालीत आणखी दोघांचा हात असतो, त्यांचा ओझरता उल्लेख पुरे. लहान मेंदू तोल आणि नेम सांभाळतो. दारू प्यायलेल्या माणसाची चाल डगमगते ती प्रामुख्याने त्याच्यावर झालेल्या परिणामामुळे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींचे पुंजके हालचालीला सुरुवात करून देतात. तेथे डोपामिन कमी पडले की पार्किन्सन, आपला जुना कंपवात. या दोघांच्या आजारात वाट तुटलेली नसते, तिच्यावरून येणारी आज्ञा बेसूर असते.

बंदी, दुष्काळ आणि पाणी

पुन्हा लाखोळीकडे यायचे, तर १९६१ साली केंद्राच्या भेसळ प्रतिबंधक नियमांत तिच्या विक्रीबंदीची तरतूद झाली आणि राज्यांनी आपापल्या अधिसूचना काढल्या. महाराष्ट्रातही बंदी आली. पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांना ती जाचक वाटली, नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती उठवण्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलन केले. या शतकाच्या पहिल्या दशकात राज्याने बंदी मागे घेतली. दरम्यान कृषिशास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे ओडॅपचे प्रमाण कमी असलेले वाण तयार केले.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. गहू-ज्वारीच्या जोडीला, आठवड्यातून दोन-चारदा वरणात ही डाळ खाणाऱ्याचे पाय जात नाहीत. धान्यांत असलेली गंधकयुक्त अमिनो आम्ले विषापासून काहीसे संरक्षण देतात, असे अभ्यासातून पुढे आले आहे. इथिओपियातील साथींमध्येही धान्य मिसळून खाणाऱ्यांना धोका कमी असल्याचे दिसले. धोका आहे तो ताटात दुसरे काहीच नसणाऱ्याला. पूर्वी सालगड्याला मजुरीच याच डाळीत मिळे तेव्हा, आणि सलग दुष्काळ पडे तेव्हा, पाय गेले ते त्याचेच. डाळ विकणाऱ्याचे नव्हे.

डाळ भरपूर पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकून दिले, तर विषाचा मोठा भाग निघून जातो. उपाय सोपा दिसतो. पण ज्या वर्षी माणूस केवळ लाखोळीवर जगायला लागतो, त्याच वर्षी फेकून द्यायला पाणी नसते आणि उकळायला सरपण नसते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

भेसळीची शंका घेणाऱ्या ग्राहकासाठी इतकेच : तूर डाळीचा दाणा गोलसर आणि एका अंगाने फुगीर असतो. लाखोळीच्या डाळीचा दाणा चौकोनी वाटतो, त्याची एक बाजू तासल्यासारखी उतरती असते आणि कडा बोटाला जाणवते. बेसनात मात्र हे ओळखता येत नाही. तेथे हरभऱ्याची डाळ घेऊन दळून आणणे बरे. ज्यांचे पाय पूर्वीच गेले आहेत, त्यांचा आजार पुढे वाढत नाही आणि आयुष्यही त्याने कमी होत नाही. ताठरपणा सैल करणाऱ्या गोळ्या आणि रोजचा व्यायाम यांनी टाच जमिनीला टेकवता आली, तर दोन काठ्यांचा माणूस एका काठीवर येऊ शकतो.